ससा क्रमांक सतरा

सप्रेम आशीर्वाद.

नामांकनाचा मसुदा मिळाला. दोनदा वाचला. आधी कौतुक करतो: मुदतीच्या बराच आधी पाठवलास, आणि हा जीवनगौरव मॅडमनाच मिळावा ही तळमळ ओळीओळीत दिसते. आता तक्रार. पहिल्याच पानावर मी विशेषणं मोजली, २१ भरली. ‘अष्टपैलू’, ‘ऋषितुल्य’, ‘अथक’, आणि ‘मोलाचे योगदान’ तर तीनदा. एवढं वाचूनही मॅडमनी नेमकं काय केलं ते मला कळलं नाही, आणि मी त्यांना तीस वर्षं ओळखतो. निवड समितीतला माणूस त्यांना ओळखतही नसेल. त्याच्यापुढे नामांकनांचा गठ्ठा असतो, संध्याकाळ झालेली असते, आणि गठ्ठ्यातला प्रत्येक जण ‘अथक’च असतो.

विशेषणं सगळी खोड. त्यांच्या जागी एवढंच लिही: मॅडमच्या कामाआधी काय करता येत नव्हतं आणि नंतर काय करता यायला लागलं?

रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन या अमेरिकन संशोधकांचं उदाहरण घे. संप्रेरकं, म्हणजे हार्मोन्स, रक्तात इतकी कणभर असतात की साध्या रासायनिक चाचणीला ती सापडतच नाहीत. या दोघांनी किरणोत्सारी खूण लावलेलं इन्सुलिन आणि रुग्णाच्या रक्तातलं इन्सुलिन यांना एकाच प्रतिपिंडासाठी (अँटिबॉडीसाठी) भांडायला लावलं. रुग्णाचं इन्सुलिन जितकं जास्त, तितकं खूण लावलेलं बाहेर ढकललं जाणार. ढकललेलं मोजलं की रुग्णाचं कळलं. १९६० मध्ये ही पद्धत तपशिलाने छापून आली आणि ‘असावं’ म्हणणारे डॉक्टर ‘इतकं आहे’ म्हणायला लागले. हे सांगताना मला एकही विशेषण लागलं नाही, बघ.

‘३१२ शोधनिबंध, एच-इंडेक्स ६१’ (निबंधांचा किती जणांनी आधार घेतला त्याचा तो आकडा) हे ठळक अक्षरात का? राहू दे, पण परिशिष्टात. आकडा खोटा नाही, मुका आहे. बेलिस आणि स्टार्लिंग यांनी १९०२ मध्ये सिक्रेटिन हे संप्रेरक शोधलं, १९०५ मध्ये स्टार्लिंगने ‘हार्मोन’ हा शब्द रूढ केला, आणि नोबेल दोघांपैकी कुणालाच मिळालं नाही. आपण मात्र दिवसातून पन्नास वेळा तो शब्द उच्चारतो.

नाकारलेल्या निबंधांबद्दल तू काहीच लिहिलं नाहीस. नामांकनात अपयश कशाला, असं वाटलं असणार. पण यॅलो-बर्सन यांनी जेव्हा इन्सुलिन घेणाऱ्या रुग्णांच्या रक्तात इन्सुलिनविरोधी प्रतिपिंड तयार होतात असं दाखवलं, तेव्हा एवढ्याशा रेणूविरुद्ध प्रतिपिंड होणारच नाहीत म्हणून निबंध परत आला. शेवटी १९५६ मध्ये तो छापला गेला, तोही शीर्षकातला ‘प्रतिपिंड’ शब्द काढल्यावर. यॅलोबाईंनी ते नकाराचं पत्र जपून ठेवलं आणि १९७७ च्या नोबेल व्याख्यानात चक्क दाखवलं! मॅडमकडेही असं एखादं पत्र असणार. माग. काळाच्या पुढे कोण होतं ते अशा पत्रावरून जितकं कळतं तितकं शिफारसपत्रांवरून कळत नाही. (शिफारसपत्रं मीही पुष्कळ लिहिली आहेत, म्हणून सांगतो.)

डग्लस कोलमन यांचंही असंच. त्यांनी एक निरोगी उंदीर आणि एक जन्मजात लठ्ठ, मधुमेही उंदीर यांचं रक्ताभिसरण शस्त्रक्रियेने जोडलं. निरोगी उंदराने खाणं सोडलं आणि तो उपाशी मेला. म्हणजे लठ्ठ उंदराच्या रक्तात ‘पुरे’ सांगणारं काहीतरी भरपूर होतं, त्यालाच ते ऐकू येत नव्हतं. हे १९६९ चं. त्या ‘काहीतरी’चं जनुक १९९४ मध्ये जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने शोधलं, त्या ‘काहीतरी’ला आता लेप्टिन म्हणतात. दोघांना लास्कर हा वैद्यकातला मोठा पुरस्कार मिळाला २०१० मध्ये. मधली वर्षं कोलमन यांच्या तर्कावर बऱ्याच जणांचा विश्वासच नव्हता. मॅडमच्या कामात अशी दोन टोकं कुठे आहेत, प्रश्न कधी विचारला आणि उत्तर कधी आलं, ते शोध. कारकीर्द सालवार मांडलीस तर ती बायोडेटासारखी दिसते. अशा एका प्रश्नाच्या मागे मांडून बघ.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसलो ते.

इन्सुलिन म्हटलं की बँटिंग आणि बेस्ट ही जोडी आठवते. ११ जानेवारी १९२२ ला टोरोंटोत लेनर्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला त्यांनी तयार केलेला स्वादुपिंडाचा अर्क टोचला. साखर थोडी उतरली, पण टोचल्या जागी गळू झालं आणि थांबावं लागलं. २३ जानेवारीला पुन्हा सुरुवात केली, तेव्हा मुलाच्या लघवीतली साखर जवळजवळ नाहीशी झाली. मधल्या बारा दिवसांत जेम्स कॉलिप नावाचा जीवरसायनशास्त्रज्ञ अल्कोहोलचं प्रमाण बदलत बसला होता. एका तीव्रतेला नको असलेली प्रथिनं खाली बसतात आणि हवा तो पदार्थ द्रावणात राहतो. तीव्रता थोडी वाढवून नव्वद टक्क्यांच्या वर नेली की तोही खाली बसतो. त्या चिंचोळ्या फटीतून इन्सुलिन बाहेर काढलं कॉलिपने. १९२३ चं नोबेल बँटिंग आणि विभागप्रमुख मॅक्लाउड यांना मिळालं. बँटिंगने आपल्या रकमेतला अर्धा वाटा बेस्टला दिला, मॅक्लाउडने आपल्यातला कॉलिपला. पैसे वाटता आले, पदक वाटता आलं नाही.

ही शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट झाली म्हणू नकोस. जीएलपी-१ या आतड्यातल्या संप्रेरकाच्या ज्या तुकड्याने इन्सुलिन स्रवतं तो ओळखण्यात, तो प्रयोगशाळेत बनवण्यात स्वेतलाना मोयसोव्ह यांचा मोठा वाटा होता. १९८० च्या दशकातलं काम. पण मूळ पेटंटांवर त्यांचं नाव नव्हतं, ते भांडून घालून घ्यावं लागलं. या शोधासाठी मोठे पुरस्कार दिले गेले तेव्हाही त्या सुरुवातीला यादीत नव्हत्या. २०२४ च्या लास्करमध्ये जोएल हॅबनर आणि लॉटे ब्येर्रे नुडसेन यांच्याबरोबर त्यांचं नाव आलं.

मी स्वतः काय केलं तेही सांगतो. पहिलं मानपत्र लिहिलं तेव्हा मी साधारण तुझ्याच वयाचा होतो. थायरॉइडच्या संप्रेरकांच्या मापनावर आयुष्य घालवलेल्या एका प्राध्यापकांचा सत्कार होता. मी ‘त्यांच्या प्रयोगशाळेने’ असं लिहून मोकळा झालो. टाळ्या पडल्या. कार्यक्रम संपल्यावर तिथल्या तंत्रज्ञ बाई भेटल्या. शेवटच्या रांगेत बसल्या होत्या. म्हणाल्या, “छान लिहिलंय. ससा क्रमांक सतरा माहीत आहे का तुम्हाला?” मला माहीत नव्हता. प्रतिपिंडं सशांच्या रक्तातून मिळवत. बहुतेक सशांची कामचलाऊ निघत, सतराची अशी निघाली की तिच्या छोट्या छोट्या बाटल्या करून गोठवून अकरा वर्षं पुरवली. कोणती बाटली कधी वितळवली, किती विरल केली, सगळं बाईंच्या हातच्या वहीत होतं. प्राध्यापकांच्या प्रत्येक आलेखाखाली तो ससा होता आणि सशामागे त्या बाई. त्यांनी तक्रार केली नाही. तक्रार केली असती तर मला बरं वाटलं असतं.

बर्सन १९७२ मध्ये गेले. नोबेल मरणोत्तर देत नाहीत, त्यामुळे १९७७ चं पदक यॅलोबाईंना त्यांच्याशिवाय घ्यावं लागलं. पण त्यांनी प्रयोगशाळेला आधीच बर्सन यांचं नाव देऊन घेतलं होतं, म्हणजे पुढच्या प्रत्येक निबंधावर पत्त्याच्या ओळीत ते छापलं जाणार. अशी युक्ती नामांकनात करता येत नाही, तिथे नावंच लिहावी लागतात.

आणखी एक, थोडक्यात. मॅडमची नवजात बाळांच्या थायरॉइड तपासणीची मोहीम तू दोन ओळींत संपवलीस. टळलेला आजार फोटोत येत नाही, म्हणून असं होतं. कांगडा खोऱ्यात रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ पासून काही भागांत आयोडीनयुक्त मीठ आणि एका भागात साधं मीठ पुरवून गलगंड कसा हटतो ते दाखवलं. ज्यांना गलगंड झालाच नाही ते आभार मानायला येणार थोडेच? मोहिमेला किमान एक पान दे.

आता मॅडमकडे जाऊन बस. फोनवर नको. ‘माझं काही नाही हो, सगळ्यांनी मिळून केलं’ असं त्या म्हणतीलच. तिथे मान डोलवून गप्प बसू नकोस, ‘सगळे म्हणजे कोण?’ असं विचार आणि नावं लिहून घे. जुन्या वह्या मागव. अक्षरं बदलतात तिथे माणसं बदललेली असतात. जे हयात आहेत त्यांना एकेक फोन कर आणि तुझ्या मसुद्यातला त्यांच्याबद्दलचा परिच्छेद वाचून दाखव. चूक असेल तर ते तिथल्या तिथे सांगतील.

नवा मसुदा गुरुवारपर्यंत पाठव. शुक्रवारी मी प्रवासात आहे.

तुझा,
सर

ता. क. सोबत जोडलेला मॅडमचा फोटो उजवीकडून कापलेला दिसतोय. त्यांच्या खांद्यावर कुणाचा तरी हात आहे. मूळ फोटो पाठव.