शेजारची बागायत रहिवास विभागात घेणार आहेत. रस्ता आधीच तुंबतो. सह्यांचा अर्ज पुरेल का?

नाही पुरणार. एकाच मजकुराखालच्या सह्यांचा गठ्ठा सुनावणीत एक हरकत म्हणून निकालात निघतो, आणि 'वाहतूक वाढेल' या वाक्याला 'नियमानुसार कार्यवाही होईल' एवढंच उत्तर मिळतं.

नगर परिषदेची नोटीस महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ खाली, म्हणजे शहराच्या विकास योजनेत फेरबदलासाठी असेल, तर तिच्या तारखेपासून एक महिना मिळतो. हरकत कोणीही घेऊ शकतं, सातबारावर नाव लागत नाही. भाडेकरू, रिक्षावाले, नाक्यावरचा दुकानदार, प्रत्येकाने आपापल्या शब्दांत वेगळी हरकत द्यावी. दोन प्रती न्या, एकीवर आवक क्रमांकाचा शिक्का घ्या, सुनावणी हवी असं लिहा.

आता रस्ता. कोकणात नकाशात तो ९ मीटर असतो, जागेवर चिऱ्याचे गडगे (दगडी कुंपणं), उघडं गटार आणि मध्येच विजेचा खांब. म्हणून गडगा ते गडगा मोजू नका. गाडी चालते तेवढाच भाग दर २० मीटरवर टेपने मोजा आणि सगळ्यात अरुंद जागेचा टेपसकट फोटो जोडा. एसटी अडीच मीटरच्या आसपास रुंद, त्यामुळे ५ मीटरच्या जागेत समोरून दुसरी आली की एकीला मागे घ्यावंच लागतं. हे कोणी खोडू शकत नाही.

मग मोजणी. बाजाराच्या दिवशी सकाळी ९ ते ११ आणि संध्याकाळी ५ ते ७, पंधरा-पंधरा मिनिटांचे तक्ते, दोन्ही दिशा वेगळ्या. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९९० च्या मार्गदर्शिकेप्रमाणे प्रत्येक वाहन कारच्या मापात मोजतात: कारला १ एकक. दुचाकी एकूण वाहनांच्या १० टक्क्यांवर असतील तर ०.७५, रिक्षा तशाच असतील तर २; ट्रक-बस ५ टक्क्यांपर्यंत असतील तर २.२. समजा तासाला ४०० दुचाकी, १५० कार, ९० रिक्षा, २० ट्रक-बस आल्या, तर ६७४ एकक झाले. इथेच फसायला होतं. दोन पदरी वितरक रस्त्याची (गल्ल्यांतली वाहतूक मोठ्या रस्त्याला नेणाऱ्या) क्षमता तासाला ९०० एकक धरतात, त्यामुळे तुमचाच आकडा तुमच्यावर उलटतो. तो ९०० सलग दोन पदरांचा आहे, तुमच्याकडे मध्येच एक पदर उरतो, हे मापासकट लिहा. नोटीस जुलैत आली तर रस्ता रिकामाच दिसेल. मे महिन्यातले आणि गणपतीतले तारखेचे फोटो शोधून लावा.

'अट मागितली की विरोध सैल पडतो' म्हणणाऱ्यांशी माझं नेहमी वाजतं. शासन फेरबदल नाकारू शकतं, तसं अटींसह मंजूरही करू शकतं. नुसतं 'नको' लिहिलंत आणि मंजुरी आली, तर हातात काहीच राहत नाही. म्हणून आधी नकार मागा, आणि खाली 'मंजूर झाल्यास' म्हणून लिहा: रुंदीकरणाची पट्टी बांधकाम परवानगीच्या आधी ताब्यात द्यावी, डंपरची ये-जा शाळेच्या वेळेत बंद, प्रवेश दुसऱ्या रस्त्याने. त्याची प्रत नगररचना सहसंचालक, कोकण विभाग यांनाही पाठवा, कारण अंतिम निर्णय नगर परिषदेचा नसतो.

हे सगळं शहर हद्दीपुरतं. जमीन ग्रामपंचायतीत, प्रादेशिक योजनेखाली असेल तर कलम २० लागतं. नोटिशीवरचं कलम आधी वाचा, हरकत कोणाकडे द्यायची ते त्यावरच ठरतं.