रात्रपाळीत अलार्मचा ढीग साचला तर ‘सिलेक्ट ऑल’ करून अ‍ॅक मारलं तर चालतं का?

नाही चालत. रांग रिकामी दिसावी म्हणून तर अजिबात नाही. अ‍ॅक म्हणजे अ‍ॅक्नॉलेज, ‘अलार्म बघितला’ अशी नोंद. ते मारलं की बझर थांबतो आणि तुमच्या लॉगिनवर वेळ पडते. दार उघडं असेल तर ते उघडंच राहतं.

मी कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीच्या कंट्रोल रूमला रात्रपाळी करायचो. मागच्या कंपाउंडला लागूनच उसाचं रान. पावसाळ्यात वारा सुटला की पाला बीम सेन्सरच्या (मधला किरण अडला की वाजणाऱ्या) आड यायचा आणि मागचे दोन्ही झोन, म्हणजे कंपाउंडचे भाग, रात्रभर वाजायचे. शिवाय कॅमेऱ्याच्या इन्फ्रारेडला किडे येतात, किड्यांमागे कोळी. जाळं हललं की मोशन अलार्म. त्यात साहेबांचा नियम: तीस सेकंदांत अ‍ॅक. वेळ जास्त लागला तर सकाळच्या रिपोर्टात नावापुढे लाल रकाना. मग पोरं स्क्रीन न बघताच एंटर दाबायला शिकली. दोष पोरांचा नव्हता.

त्या रात्री पाऊस उघडला होता, वाराही पडला होता. झोन सहा वाजला, शेजारचा पाच गप्प. उसाचा पाला असता तर दोन्ही वाजले असते. लेन्सवर थेंब, त्यामुळे कॅमेऱ्यात काही दिसेना. जोडीदार म्हणाला, “ऊसच हाय, मार अ‍ॅक.” आमच्याकडे अ‍ॅक मारलं की लाइन थेट हिस्टरीत जायची, म्हणून मी ती लाल तशीच ठेवली आणि मागच्या गेटच्या वॉचमनमामांना वॉकीटॉकीवर सांगितलं, “मामा, एकटे जाऊ नका, कुणाला तरी बरोबर घ्या आणि बॅटरी मारून कंपाउंडची जाळी बघा.” जाळी खालून गुडघ्याएवढी कापलेली होती. आतल्या बाजूला तांब्याच्या केबलचं भेंडोळं ओढत आणलेलं, मागे चिखलात त्याची चर. चोर उसातून पळाले, माल वाचला. मगच मी अ‍ॅक मारलं आणि शेऱ्यात सगळं लिहिलं.

सकाळच्या मीटिंगला साहेबांनी केबलचा विषयसुद्धा काढला नाही. “तुमचा अ‍ॅक टाइम बघा,” एवढंच. मी तेव्हाही सांगितलं, आजही सांगतो: वेग मोजाल तर माणूस अ‍ॅकच मारत बसेल, कंपाउंड कोण बघणार?

हे माझ्या एकट्याचं म्हणणं नाही. 1994 मध्ये वेल्समधल्या मिलफर्ड हेवनच्या रिफायनरीत स्फोट झाला, त्याआधीच्या 11 मिनिटांत ऑपरेटरांपुढे 275 अलार्म आले होते. ब्रिटनमधल्या ईईएमयूए 191 या मार्गदर्शिकेत एका ऑपरेटरला सरासरी 10 मिनिटांना एक अलार्म झेपतो असं धरलंय. ते अलार्म प्रोसेसचे, म्हणजे कारखान्यातल्या यंत्रणेचे, आपले चोरीचे. पण समोर बसलेल्या माणसाला डोळे दोनच.

म्हणून ढीग आधी कमी करा. पाला छाटून घ्या, कोळ्यांची जाळी झाडा, एखादा अलार्म बायपास, म्हणजे तात्पुरता बंद, केलाच तर नाव आणि मुदत घालून करा. आणि पातळ्या लावून घ्या. कोल्हापुरात पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांना इशारा पातळी, 43 ला धोका पातळी, म्हणून सामान कधी हलवायचं ते आपल्याला कळतं. दर फुटाला भोंगा वाजला असता तर कुणी लक्ष दिलं असतं का?

एकच सूट. लाइट जाऊन किंवा एक नेटवर्क स्विच बंद पडून सगळे कॅमेरे एकदम ऑफलाइन झाले, आणि कारण तुम्ही स्वतः तपासलं, तर तेवढा गट निवडून शेऱ्यासह अ‍ॅक मारा. तुमच्याकडे अ‍ॅक आणि क्लोज (अलार्म मिटवणं) वेगळे असतील तर अ‍ॅक लगेच मारा, क्लोज मात्र जागेवरून खबर आल्यावरच. फायर पॅनेलला यातलं काही लावू नका, तिथे आधी माणूस पळवा.

आणि तुमचे साहेबही सेकंद मोजत असतील तर रिपोर्टात ‘जागेवर कोण गेलं, काय दिसलं’ असा रकाना लेखी मागा. मी तोंडी मागितला होता. तो मीटिंगच्या कुठल्याच मिनिट्समध्ये (लेखी नोंदीत) आला नाही.