रसावर राहणारा पेशंट उपकेंद्रात आला तर

चि. बाय,
अनेक आशीर्वाद.

गुहागरकडच्या उपकेंद्रात तू आता रुळली असशील. लग्नसराई तोंडावर आली की नुसत्या रसावर, शहाळ्यावर सात-सात दिवस काढणारी माणसं तुझ्याकडे येऊ लागतील. चक्कर, पायात गोळे, डोकं ठणकतंय, अशा तक्रारी असतील. त्यांना ओरडू नकोस. ओरडलं की पुढचं सगळं लपवून करतात. चार गोष्टी विचार: काय पिताय, दिवसाला किती, मीठ सोडलंय का आणि गोळ्या कोणत्या चालू आहेत. गोळ्यांची पाकिटं प्रत्यक्ष पाहा, सांगण्यावर जाऊ नकोस.

"पण वजन उतरलं ना," असं ते म्हणणारच. यकृत आणि स्नायूंत मिळून साधारण अर्धा किलो ग्लायकोजेन, म्हणजे साठवणीतली साखर, असतं आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅममागे सुमारे तीन ग्रॅम पाणी. पहिल्या दोन-तीन दिवसांत हा साठा संपत येतो, म्हणून काटा दीड-दोन किलोंनी खाली येतो. चरबी त्यात थोडीच. भात सुरू झाला की वजन परत.

खरी काळजी मिठाची. मे महिन्यात आपल्याकडे घामाच्या धारा लागतात, घामातून मीठ जातं, जेवण बंद, आणि वर 'विष धुऊन काढायला' पाच-सहा लिटर पाणी. मूत्रपिंडाला जादा पाणी बाहेर टाकायलाही क्षार लागतात, ते जेवणातूनच येतात. मिठातलं सोडियम रक्तात लिटरमागे १३५ ते १४५ मिलीइक्विव्हॅलंट असावं लागतं. ते १२५ च्या खाली गेलं की मळमळ, डोकेदुखी, मग असंबद्ध बोलणं, झटके. अशा माणसाला आणखी पाणी पाजू नकोस आणि उपकेंद्रात ठेवूही नकोस. सोडियम घाईने वर आणलं तरी मेंदूला इजा होते, ते काम रुग्णालयाचं.

शहाळ्याचा धोका उलटा. एका शहाळ्यातून साधारण पाचशे मिलिग्रॅम पोटॅशियम जातं. धडधाकट माणसाला एखाद्या शहाळ्याने काही होत नाही. पण मूत्रपिंड कमजोर असेल, किंवा पोटॅशियम वाढवणाऱ्या टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन या गोळ्या चालू असतील, तर दिवसाला पाच-सहा शहाळी हृदयाचे ठोके बिघडवू शकतात.

परसातल्या बिलिंबीबद्दल, त्या आंबट फळाबद्दल, मुद्दाम विचार. खोडाला लगडलेली दोन फळं आमटीत पडली तर बिघडत नाही. वाटीभर फळं कुटून अनशेपोटी रस प्यायला की त्यातलं ऑक्झलेट मूत्रपिंडाच्या नलिकांत खड्यांसारखं साचतं. केरळात असे रुग्ण नोंदले गेलेत, काहींना डायलिसिस लागलं. दूध-दही बंद असेल तर आतड्यात ऑक्झलेटला धरून ठेवणारं कॅल्शियमही मिळत नाही. स्टारफ्रूटच्या रसाचंही तसंच. आणि दुधीचा रस: आधी कच्चा तुकडा चाखायला सांग. कडू असेल तर आवळा-आलं घालून तो कडूपणा मारायचा नाही, फेकूनच द्यायचा. त्यातल्या कुकुरबिटासिन या कडू विषाने रक्ताची उलटी होते, रक्तदाब कोसळतो, आणि त्यावर उतारा नाही.

मधुमेही असेल तर ग्लुकोमीटर लावच. साखर उतरवणाऱ्या ग्लिमेपिराइड गोळीवर किंवा इन्सुलिनवर असताना साखर ७० च्या खाली आली आणि माणूस शुद्धीवर असेल, तर तीन चमचे साखर पाण्यात दे, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोज. ग्लिमेपिराइडचा अंमल तासन्‌तास राहतो, म्हणून बरं वाटलं तरी लगेच घरी सोडू नकोस. डापाग्लिफ्लोझिन ही मधुमेहाची गोळी घेणाऱ्याला उलट्या आणि धाप असेल तर मीटरवर साखर नॉर्मल दिसली तरी फसू नकोस. कीटोॲसिडोसिस, म्हणजे रक्तात आम्ल साचणं, तसाही होतो.

पाच दिवसांहून जास्त उपाशी राहिलेल्याला थेट हळदीच्या पंगतीला बसू देऊ नकोस. अचानक पोटभर भात गेला की इन्सुलिन वाढतं, फॉस्फेट, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम रक्तातून पेशींत ओढलं जातं आणि हृदय अडखळतं. मऊ पेज, चिमूटभर मीठ, थोडी कुळथाची पिठी; पहिले दोन-तीन दिवस नेहमीच्या निम्मंच. अंगाने फार वाळलेला किंवा दारू पिणारा असेल तर हेही घरी नको, आधी थायमिन (बी-१ जीवनसत्त्व) आणि रक्ततपासणी.

बरळणं, झटके, न थांबणाऱ्या उलट्या, छातीत धडधड किंवा बारा तास लघवी नाही, यांपैकी काहीही दिसलं तर लगेच १०८ ला फोन कर. पेशंटसोबत उरलेला रस बाटलीत भरून, गोळ्यांची पाकिटं आणि किती दिवस काय प्यायला याची चिठ्ठी पाठव.