घर रंगवताना प्रायमर लागतोच का? रंगारी म्हणतो गरज नाही

तुम्ही लिहिलंय की इंदिरानगरातला जुना फ्लॅट दिवाळीआधी रंगवायचाय आणि रंगारी म्हणतो प्रायमर (रंगाआधी मारायचा अस्तराचा हात) कशाला, थेट रंगाचे दोन हात मारू. मी नाशिकच्या सिडकोत रंगाच्या दुकानात काउंटरला असतो, गणपती झाले की हा प्रश्न रोजचाच. रंगारी अगदीच खोटं बोलत नाहीये, पण अर्धंच सांगतोय.

जुना रंग घट्ट असेल, शेड साधारण तीच ठेवायची असेल तर पॉलिश पेपरने घासून, धूळ पुसून थेट रंग मारला तरी चालतं. पण जिथे जिथे पुट्टी (खड्डे-भेगा बुजवायचा लगदा) भरली तिथे प्रायमर पाहिजेच. पुट्टी कोरडी असते, ती रंगातलं पाणी आणि चिकटपणा दोन्ही ओढून घेते. मग संध्याकाळी ट्यूबलाइट लावली की भिंतीवर बरोबर पुट्टीच्या जागी ठिगळं दिसतात, आणि तिसरा हात मारा नाहीतर चौथा, ती काही नीट जात नाहीत. त्यापेक्षा प्रायमरचा एक हात स्वस्त पडतो, रंगापेक्षा त्याचा डबा बराच कमी पैशात येतो.

आता भिंत कशी आहे ते स्वतःच बघा, रंगाऱ्यावर सोडू नका. काळं फडकं घेऊन भिंतीवर जोरात घासा, पांढरी पूड लागली तर खाली जुना डिस्टेंपर किंवा चुना आहे (पंचवटीतल्या जुन्या वाड्यांत तर हमखास), तो खरवडून काढल्याशिवाय वर काहीही मारलं तरी पापुद्र्यासकट खाली येणार.

खरी गंमत पश्चिमेच्या भिंतीची आहे. आपल्याकडे पावसाचा मारा त्याच बाजूने, त्यामुळे सप्टेंबरात वरून कोरडी वाटणारी भिंत आत ओली असू शकते. फूटभर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेप लावून चिकटवा आणि दुसऱ्या दिवशी काढा, आतून दव धरलं असेल तर थांबा, ऑक्टोबरचं ऊन खाऊ द्या तिला. बाथरूमच्या मागच्या भिंतीला लोणा, म्हणजे ओलीबरोबर बाहेर येणारा पांढरा खार, आला असेल तर आधी प्लंबर बोलवा. लोक प्रायमर म्हणजे ओलीवरचं औषध समजतात, तसं काही नसतं, ओल आतून आली की प्रायमरलाच ढकलून बाहेर पडते. लोणा कोरड्या ब्रशने झाडायचा, पाण्याने धुवायचा नाही, धुतला की परत भिंतीत मुरतो.

क्रम विचारलात तर व्हाइट सिमेंटची पुट्टी असेल तर भिंत जराशी ओलसर करून आधी पुट्टी, मग घासणं, मग प्रायमर. ॲक्रिलिक पुट्टी असेल तर तिच्या खालीही प्रायमर लागतो. वॉटर बेस प्रायमर घ्या, चारसहा तासांत वर रंग मारता येतो आणि वास नाही, पण पाणी किती घालायचं ते डब्यावर वाचा आणि मिसळताना समोर उभे राहा. मजुरी आणि माल मिळून स्क्वेअर फुटावर ठरवलं असेल तर माल वाचवायला पाणी वाढणार हे धरून चाला.

दरवाजांना जुना ऑइल पेंट असेल तर तो कोरडा घासू देऊ नका, वॉटर पेपर (पाण्यात चालणारा पॉलिश पेपर) ओला करून घासायला सांगा. भारतात घरगुती रंगातल्या शिशाला ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९०) मर्यादा २०१७ पासून आहे, त्याआधीच्या थराच्या धुळीत किती शिसं असेल सांगता येत नाही, आणि घरात लहान मुलं असतील तर त्या दिवशी त्यांना मामाकडे पाठवा. ग्रिलचा गंज तारेच्या ब्रशने काढला की त्याच दिवशी रेड ऑक्साइड (लोखंडाचा प्रायमर) मारून घ्या, दुसऱ्या दिवसावर ठेवू नका.