गळती कुठून आहे ते आधी शोधा, एफडीचं नंतर बघू

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र वाचलं, सोबतचं एस्टिमेट दोनदा वाचलं. इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. तुम्ही कराडला राहता, उंब्रजच्या शाळेत शिकवता आणि रोज जाऊन-येऊन चाळीसेक किलोमीटर स्वतः गाडी चालवता. गाडी २०१५ ची डिझेल स्विफ्ट डिझायर, १ लाख ४२ हजार किलोमीटर चाललेली. गेले चार महिने पार्किंगच्या फरशीवर ऑईलचे डाग पडतायत आणि हजार किलोमीटरमागे अर्धा लिटर ऑईल वरून घालावं लागतंय. वर्कशॉपने इंजिन उतरवावं लागेल म्हणून ६४,००० रुपयांचं एस्टिमेट दिलंय. मिस्टर म्हणतात, या गाडीत आता पैसे घालायचे नाहीत. एक्स्चेंजला १ लाख ६० हजार येतायत, जीएसटीही कमी झालाय, नवीन घेऊन टाकू. तुम्ही म्हणता, लेकीच्या शिक्षणासाठी ठेवलेली २ लाखांची एफडी मोडून हीच दुरुस्त करू. दोघांपैकी कोणाचं बरोबर, असा तुमचा प्रश्न आहे.

माझ्या मते दोघांचाही निर्णय एक पायरी गाळून झालाय. गळती नेमकी कुठून आहे, हे अजून कोणी शोधलेलंच नाही.

तुमचं एस्टिमेट बघा. लेबर १८,०००, टर्बो (इंजिनात जास्त हवा ढकलणारा पंखा) २१,०००, क्लच सेट ९,५००, पॅकिंग किट आणि पुढचं-मागचं क्रँक ऑईल सील (इंजिनाच्या मुख्य दांड्याभोवतीची रबरी रिंग) मिळून ८,५००, ऑईल-फिल्टर-कूलंट ५,५००, वॉशिंग १,५००. ऑईल जिथून म्हणून बाहेर येऊ शकतं, ती प्रत्येक जागा या कागदावर आहे. जागा सापडली असती तर दोन-तीनच ओळी लिहिल्या असत्या. सगळं खोलून सगळं बदललं की गळती थांबेलच, असा हा हिशोब आहे. त्यातला न लागणारा भागसुद्धा तुमच्याच पैशाने बदलला जाणार.

हे मी इतक्या ठामपणे सांगतोय, कारण एकदा मी स्वतः हे पैसे घालवलेत. माझ्या जुन्या डिझेल गाडीला इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यातून ऑईल टपकत होतं. एका वर्कशॉपने बघताक्षणी सांगितलं, मागचं क्रँक सील गेलंय. गिअरबॉक्स उतरवला, सील बदललं, १४,००० बिल झालं. आठ दिवसांनी फरशीवर पुन्हा तोच डाग. मग एका मित्राने त्याच्या ओळखीच्या मेकॅनिककडे नेलं. त्याने काहीच खोललं नाही. इंजिन धुऊन कोरडं केलं, ऑईलमध्ये चमकणाऱ्या रंगाची एक छोटी बाटली ओतली आणि म्हणाला, दोन दिवस चालवा, संध्याकाळी या. गेलो तेव्हा त्याने शटर अर्धं खाली ओढलं, दिवे बंद केले आणि जांभळ्या उजेडाची बॅटरी इंजिनाच्या मागच्या बाजूला धरली. वर, ऑईल फिल्टरच्या हाउसिंगपाशी पिवळसर हिरवा ठिपका चमकत होता. तिथून निघालेली बोटभर रुंदीची रेघ ब्लॉकवरून सरळ खाली, गिअरबॉक्सच्या सांध्यापर्यंत गेली होती. खाली दिसणारं ऑईल वरून वाहत आलेलं होतं. पॅकिंग, दोन रबरी रिंगा आणि मजुरी मिळून ३,००० च्या आत काम झालं.

ऑईल गुरुत्वाकर्षणाने खाली उतरतं आणि गाडी चालताना वाऱ्याने मागे सरकतं. म्हणून डाग जिथे पडतो ती जागा आणि गळतीची जागा बहुतेक वेळा वेगळी असते. शोधायचं ते नेहमी वरून खाली: आधी टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाचं पॅकिंग, मग फिल्टरचं हाउसिंग, टर्बोला ऑईल नेणारी आणि परत आणणारी नळी, टायमिंग कव्हर, आणि सगळ्यात शेवटी चेंबर (तळाचं ऑईलचं भांडं) आणि क्रँक सील. ड्रेन बोल्टचा, म्हणजे जुनं ऑईल काढायच्या बोल्टचा, वॉशरसुद्धा बघायला सांगा. सर्व्हिसिंगला जुनाच वॉशर परत बसवला की तिथून थेंब सुटतात.

दोन गोष्टी मात्र कुठलाही भाग बदलण्याआधी तपासून घ्यायलाच हव्यात, कारण पैशाचा सगळा निर्णय त्यांच्यावर अवलंबून आहे.

पहिली गोष्ट ब्रीदर. इंजिनाच्या पोटात तयार होणारा वायू ज्या नळीतून बाहेर काढला जातो, ती चिकटा साचून तुंबली की आत दाब वाढतो आणि तो दाब चांगल्या सीलमधूनही ऑईल बाहेर ढकलतो. अशा वेळी नवं सील घातलं तरी काही महिन्यांत तेही पाझरायला लागतं. तुमच्या एस्टिमेटमध्ये सगळं काही आहे, पण ब्रीदरचा उल्लेख नाही. टर्बोच्या २१,००० चाही याच्याशी संबंध आहे. तुम्ही लिहिलंय की टर्बोच्या होज पाइपमध्ये ऑईल दिसलं म्हणून टर्बो बदलायला सांगितला. या पाइपांत ऑईलचा पातळ थर असतोच, कारण ब्रीदरचा वायू इंजिनात परत तिकडूनच जातो. पाइप काढून टर्बोची दांडी बोटांनी हलवून किती खेळते ते तुमच्यासमोर दाखवायला सांगा. खेळत नसेल आणि गाडी निळा धूर सोडत नसेल, तर टर्बोला हात लावू देऊ नका.

दुसरी गोष्ट, मेकॅनिक ज्याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात ती. इंजिन चालू ठेवून ऑईलचं झाकण सैल करायचं आणि तिथेच उलटं ठेवायचं. डिझेल इंजिनाला थोडी फुंकर असतेच, तिला घाबरू नका. पण झाकण थडथड उडत असेल, भसाभस धूर येत असेल आणि ब्रीदर साफ असेल, तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या असण्याची शक्यता मोठी. मग कॉम्प्रेशन टेस्ट करून खात्री करून घ्यायची.

धुलाई, रंगाची बाटली, तपासणी आणि गरज पडली तर कॉम्प्रेशन टेस्ट, या सगळ्यासाठी मी तुम्हाला ३,००० रुपये बाजूला काढायला सांगेन. ६४,००० चा निर्णय घ्यायच्या आधी हे ३,००० खर्च करा, आणि तेही दुसऱ्या मेकॅनिककडे, ज्याला पुढच्या कामाचं आमिष नाही.

आता तुमच्या पैशांकडे येतो. गाडीची किंमत १ लाख ६० हजार आणि दुरुस्ती ६४,०००, म्हणजे चाळीस टक्के, म्हणून परवडत नाही, असा मिस्टरांचा मुद्दा. या तुलनेत मला चूक दिसते. दुरुस्तीचा खर्च जुन्या गाडीच्या किमतीशी ताडून बघण्यापेक्षा तिच्या जागी जे आणणार त्याच्या खर्चाशी ताडायला हवा. तुम्ही बघितलेली गाडी ऑन रोड ८ लाख ६० हजार. एक्स्चेंज वजा केल्यावर ७ लाखांचं कर्ज, ९ टक्के व्याज, ५ वर्षं: हप्ता साधारण १४,५३० आणि एकूण व्याज १ लाख ७२ हजारांच्या आसपास. म्हणजे सगळ्यात वाईट धरून ६४,००० लागले तरी ते साडेचार हप्त्यांपेक्षा कमी आहेत.

त्याहून महत्त्वाचा आकडा वेगळा आहे. तुमच्या दोघांचे हातात येणारे ८४,००० आणि घराचा हप्ता १९,५००. आज उत्पन्नाचा २३ टक्के भाग हप्त्यात जातो, नव्या गाडीने तो ४० टक्क्यांवर जाईल. आणि दीड वर्षात लेक बारावी होतेय. प्रवेशाची फी, वसतिगृह, मेसचे पैसे नेमके त्या काळात येणार. तुमच्या पत्रात लेकीबद्दल दोनच ओळी आहेत, पण मला सगळा निर्णय त्या दोन ओळींत दिसतो. पुढची तीन वर्षं या घरात नवा मोठा हप्ता नको, हे माझं स्पष्ट मत आहे.

जीएसटीचं म्हणाल तर २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवर तो १८ टक्के झाला, हे खरं. पण ती काही दिवाळीपुरती ऑफर नव्हे, कराचा दर बदललाय. तीन वर्षांनी गाडी घेतलीत तर आज न घेतल्याने काही बुडालं असं होणार नाही. त्याच दिवसापासून बहुतेक स्पेअर पार्टही २८ वरून १८ टक्क्यांवर आलेत. एस्टिमेटमध्ये कुठला दर लावलाय तेवढं बघून घ्या.

तुम्ही पत्रात सहज लिहून गेलात की याच डीलरने जानेवारीत २ लाख ५ हजार सांगितले होते आणि आता लीक बघून १ लाख ६० हजार म्हणतोय. ही ओळ फार कामाची आहे. या गळतीची बाजारात किंमत ४५,००० धरली जातेय. म्हणून माझी मर्यादाही तीच: खात्रीच्या तपासणीनंतर दुरुस्ती ४५,००० च्या आत बसत असेल, तर करून टाका. उद्या गाडी विकायची वेळ आली तरी त्यातला बराचसा भाग किमतीत परत मिळेल. वरचं पॅकिंग, हाउसिंग किंवा नळी निघाली तर ८ ते १२ हजारांत सुटाल असा माझा अंदाज आहे. मागचं क्रँक सील निघालं तर गिअरबॉक्स उतरवावाच लागतो, मजुरी त्याचीच असते. तेव्हा त्याच खोलण्यात क्लच प्लेट बघून घ्या, झिजली असेल तर बदला, म्हणजे वर्षभरात पुन्हा तीच मजुरी भरावी लागणार नाही. हे काम पंचवीस-तीस हजारांत बसायला हवं. रिंगा आणि बोअरचं (पिस्टन ज्यात फिरतो त्या नळकांड्याचं) काम निघालं तर मात्र मिस्टरांचं बरोबर. तेव्हा गाडी आहे तशी, दोष सांगून विका आणि रोख पैशात बसेल अशी वापरलेली छोटी पेट्रोल गाडी बघा.

पार्टची चिंता नको. मारुतीने एप्रिल २०२० पासून डिझेल गाड्या बंद केल्या, पण हे १.३ चं इंजिन मूळ फियाटचं. मारुती, टाटा आणि फियाट तिघांच्याही गाड्यांत ते होतं. रजिस्ट्रेशनची १५ वर्षं २०३० ला संपतात. तोवर ही गाडी तुमची शाळा सांभाळू शकेल.

एफडी मोडू नका. मुदतीआधी मोडली की व्याजदर कमी धरतात, वर दंड कापतात, आणि लेकीचा पैसा एकदा गाडीत गेला की परत ठेवला जात नाही, हे मी बऱ्याच घरांत पाहिलंय. तुमच्या बचत खात्यात ८५,००० आहेत. दहा-बारा हजारांचं काम निघालं तर सरळ त्यातून करा. तीस-चाळीस हजार लागले तर निम्मे खात्यातून आणि निम्मे त्याच एफडीवर ओव्हरड्राफ्ट, म्हणजे एफडी तारण ठेवून बँकेकडून उचल, घेऊन द्या. एफडीच्या दरापेक्षा एखाद-दोन टक्के जास्त व्याज लागतं, एफडी चालू राहते. २०,००० घेऊन आठ महिन्यांत फेडले तर व्याज हजाराच्या आत. आणि काम झाल्यावर दर महिन्याला ६,००० ची आरडी गाडीच्या नावाने सुरू करा. तीन वर्षांत व्याज सोडून २ लाख १६ हजार होतात.

विम्याचं विचारलंत. झिजेने झालेली गळती मोटार विम्यात बसत नाही. "खालून दगड लागला असं लिहून क्लेम टाकू" असं तुम्हाला सुचवलं गेलंय, त्यावर कृपया सही करू नका. चार महिन्यांचं ऑईल आणि त्यावर बसलेली धूळ सर्व्हेअरला लगेच कळते, आणि खोटी माहिती तुमच्या सहीने जाते.

तपासणी होईपर्यंत गाडी वापरायला हरकत नाही, पण या इंजिनात सगळं मिळून तीन लिटरच्या आसपास ऑईल असतं. त्यातलं अर्धा लिटर जाणं म्हणजे सहावा हिस्सा. सध्या महिन्याला दोन-अडीचशे रुपयांचं ऑईल जातंय, तेवढ्याने घर बुडत नाही. पातळी न बघता चालवली तर इंजिन जाम होऊन लाखभराचं काम निघतं. दर रविवारी सकाळी, सपाट जागेवर, गाडी सुरू करायच्या आधी डिपस्टिक बघा. वरच्या खुणेपलीकडे भरू नका. पुस्तिकेत दिलेल्या ग्रेडचा एक लिटरचा डबा डिकीत ठेवा. ऑईलचा लाल दिवा लागला तर पुढच्या पंपापर्यंत जाऊ नका, तिथेच बाजूला घेऊन इंजिन बंद करा. तो दिवा ऑईलची पातळी सांगत नाही, दाब गेल्याचं सांगतो. जळका वास आला किंवा क्लच घसरायला लागला तर रविवारची वाट न बघता गाडी मेकॅनिककडे न्या.

काम करून घेताना बदललेले जुने भाग परत मागा आणि थोडी रक्कम राखून ठेवा, हे आधीच बोलून घ्या. गाडी घरी आली की दोनशे किलोमीटर चालवा, रात्री इंजिनाखाली स्वच्छ पुठ्ठा पसरा. सकाळी तो कोरडा असेल तर उरलेले पैसे द्या.