एचआयव्ही संशोधनात जाऊ पाहणाऱ्या मुलीच्या वडिलांना

पत्राचा सारांश: मुलगी लातूरला बी.एस्सी. मायक्रोबायोलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला एचआयव्ही आणि गुप्तरोगांच्या संशोधनात जायचं आहे, पुढेमागे बँकॉकला काम करायचं म्हणते. तिला लागण होईल का, नोकरी कंत्राटीच राहील का, आणि आपल्या इथल्या आजारासाठी देशोदेशीच्या लोकांनी एकत्र येण्याची गरजच काय, असं वडील विचारतात. नातेवाईक लग्नाचं काढतात, तेही आहेच.

नमस्कार,

गरज काय, हा प्रश्न आधी घेतो. मुलीचं करिअर त्याच्याच उत्तरावर उभं राहणार आहे.

जोडप्यातल्या एकाला एचआयव्ही आहे, दुसऱ्याला नाही. बाधिताला औषधं लवकर सुरू केली तर जोडीदार वाचतो का? हे तपासायला ९ देशांतल्या १३ केंद्रांवर १,७६३ जोडपी घेतली. पुण्याजवळच्या भोसरीची ‘नारी’ (राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था) आणि चेन्नईचं केंद्र त्यात होतं. थायलंड, मलावी, ब्राझील हे देशही होते. २०११ मध्ये निकाल आला तेव्हा, जोडीदाराकडूनच झाली हे विषाणूची जनुकीय रचना जुळवून सिद्ध झालेली लागण होती फक्त २८ जणांना. त्यांपैकी २७ औषध उशिरा मिळालेल्या गटातले आणि १ लवकर मिळालेल्या. म्हणजे एकेका केंद्राच्या वाट्याला सरासरी दोन. दोन रुग्णांवरून कोण काय बोलणार? सगळ्यांची बेरीज झाली तेव्हाच धोका ९६ टक्क्यांनी घटतो हे छातीठोकपणे सांगता आलं. निदान होताच औषध सुरू करण्याचं धोरण भारताने २०१७ मध्ये घेतलं, त्यामागच्या पुराव्यांत हा मोठा पुरावा आहे.

ही बेरीज आपोआप होत नाही. पुण्यात केलेली तपासणी आणि थायलंडमध्ये केलेली तपासणी एकाच मापाची हवी. मायक्रोबायोलॉजीच्या मुलांचं खरं काम इथे आहे, आणि कॉलेजात ते फारसं कुणी सांगत नाही. परमा, म्हणजे गनोरिया, या गुप्तरोगाचं उदाहरण घ्या. त्याचा जंतू पेनिसिलिनला, मग सिप्रोफ्लॉक्सासिनला दाद देईनासा झाला. आता सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन हे औषध तरी लागू पडतं का यावर नजर ठेवावी लागते. जंतू नाजूक, शरीराबाहेर लवकर मरतो. चॉकलेट अगार या रक्त घातलेल्या पोषक माध्यमावर, कार्बन डायऑक्साइडमध्ये वाढवावा लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या देखरेख कार्यक्रमात दक्षिण-पूर्व आशियासाठीची संदर्भ प्रयोगशाळा दिल्लीला सफदरजंग रुग्णालयात आहे. ठरावीक संदर्भ-जंतूंवर (ज्यांचे गुण आधीच माहीत असतात) प्रयोगशाळांनी आपली पद्धत पडताळली, तरच एका देशाचा आकडा दुसऱ्याच्या शेजारी मांडता येतो. असं काम नेटकं करणारी मुलगी कुठल्याही प्रकल्पाला हवी असते.

बँकॉकचं स्वप्न हवेतलं नाही. आशियातल्या एचआयव्ही रुग्णांची एकत्रित नोंद २००३ पासून तिथून चालते, विश्लेषण सिडनीत होतं आणि पुण्याची केंद्रंही त्यात आहेत. पण रस्ता पुण्यावरून जातो. एनआयव्ही, म्हणजे पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेचं एम.एस्सी. व्हायरॉलॉजी तिने पहिल्या पसंतीला ठेवावं असं माझं स्पष्ट मत आहे. आकड्यांत रमत असेल तर मुंबईत देवनारच्या आयआयपीएसचं (आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था) बायोस्टॅटिस्टिक्स, म्हणजे आरोग्याच्या आकड्यांचं शास्त्र. नुसत्या बी.एस्सी.वर प्रकल्पात शिरून अडकू नये.

लागणीबद्दल. बाधित रक्ताची सुई टोचली तरी धोका हजारात तीनच्या आसपास असतो, आणि लागण टाळायला ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यायची औषधं असतात. जितकी लवकर तितकी चांगली. बरोबर बसल्याने, डबा वाटून खाल्ल्याने काही होत नाही. नातेवाइकांना हेच सांगा, आवाज न उतरवता. त्यांच्यासमोर तुम्ही चाचरलात तर मुलीला कामाची लाज वाटायला लागेल, आणि लाजणारा माणूस समोरच्या रुग्णाला धीर देऊ शकत नाही.

नोकरीबद्दल मात्र तुमची काळजी रास्त आहे. बहुतेक पदं प्रकल्पापुरतीच असतात. २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत थांबवली, तेव्हा अनेक देशांतलं एचआयव्हीचं काम रातोरात अडलं. म्हणून नेमणूकपत्रावर सही करण्याआधी पैसा कुणाचा आहे, किती वर्षांचा आहे, आणि परदेशी भागीदार असेल तर आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मंजुरी आली आहे का, हे तिने विचारावं. विचारायला संकोच करू नये. सोबत आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) जेआरएफची, म्हणजे ज्युनिअर रिसर्च फेलोशिपची तयारी चालू ठेवावी. ती फेलोशिप मिळाली की एकाच प्रकल्पाच्या पैशावर अवलंबून राहावं लागत नाही.

पुढचं पत्र तिला लिहू द्या. प्लेटवर जंतू वाढवण्यात तिचा जीव रमतो, की रुग्णाशी बोलण्यात, की आकडे जुळवण्यात, हे तिने त्यात लिहावं. त्यावरून कुठल्या प्रवेशपरीक्षेला बसायचं ते ठरवू.