वाचकांचे प्रश्न : सड्यावरची सायकल

कोकणातील कच्च्या वाटांवरून सायकल चालवण्याविषयी बरीच पत्रे आली आहेत. त्यांपैकी चार पत्रे थोडी संक्षिप्त करून येथे घेतली आहेत.

प्रश्न : माझ्याकडे सहा वर्षांपूर्वी घेतलेली हायब्रिड सायकल आहे आणि तिला 32 मिलिमीटर रुंदीचे टायर आहेत. दापोलीच्या आसपासच्या मातीच्या रस्त्यांवर जायचे असेल, तर ग्रॅव्हल बाइक विकत घ्यावीच लागेल का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : लगेच घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. शर्यतीच्या सायकलीसारखे वळलेले हँडल, पण त्यासोबत रुंद टायर, डिस्क ब्रेक आणि चढासाठी हलके गिअर, अशी ग्रॅव्हल बाइकची ढोबळ ओळख सांगता येईल. यांपैकी कोकणात पदोपदी लागतात त्या दोनच गोष्टी, टायरची रुंदी आणि हलका गिअर. आणि त्या तुमच्या हायब्रिडवरही बहुधा मिळू शकतील. सध्याचा टायर आणि सायकलीची चौकट यांच्यामध्ये दोन्ही बाजूंना किती जागा उरते, ते प्रथम मोजून पाहावे. नवा टायर बसवल्यावर प्रत्येक बाजूला किमान चार ते सहा मिलिमीटर मोकळी जागा राहत असेल, तर 38 किंवा 40 मिलिमीटरचे टायर घ्यावेत आणि त्यांवर एक हंगाम काढावा. वळलेल्या हँडलचा खरा फायदा लांबच्या प्रवासात कळतो, कारण हात ठेवण्याच्या जागा बदलता येतात आणि मनगटे अवघडत नाहीत. मात्र दिवसाला 40-50 किलोमीटर जाणाऱ्याला त्यासाठी नवी सायकल घेण्याची निकड नसते.

गिअरविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण दुकानात याविषयी क्वचितच कोणी नीट सांगते. पुढच्या चक्राला 40 दाते आणि मागच्या सर्वांत मोठ्या चक्राला 42 दाते असतील, तर मिनिटाला 60 वेळा पायडल फिरवल्यावर सायकल ताशी साधारण साडेसात किलोमीटर वेगाने चालते. खाडीवरून वर चढणाऱ्या खड्या रस्त्यावर सामानासह बसूनच चढायचे असेल, तर याहून जड गिअर सामान्य माणसाच्या गुडघ्यांना झेपत नाही. जुन्या हायब्रिड सायकलींना पुढे तीन चक्रे असतात आणि त्यांतले सर्वांत लहान चक्र अनेकदा 26 किंवा 28 दात्यांचे असते, त्यामुळे या एका बाबतीत तुमची सायकल कित्येक महागड्या सायकलींपेक्षा कोकणाला अधिक योग्य असू शकते.

टायरमधील हवा मात्र नेहमीच्या सवयीने ठासून भरू नये. सत्तर किलो वजनाच्या माणसाने 40 मिलिमीटरच्या टायरमध्ये, आत ट्यूब असल्यास 40 ते 45 पीएसआय आणि ट्यूबलेस असल्यास 32 ते 38 पीएसआय एवढी हवा ठेवून सुरुवात करावी. हवा जास्त झाली तर टायर प्रत्येक खड्यावर उडतो आणि वळणावर पकड सुटते. फार कमी झाली तर ट्यूब रिम आणि दगड यांच्यात चिमटली जाऊन शेजारी शेजारी दोन छिद्रे पडतात. जांभ्याची, म्हणजे कोकणातल्या तांबड्या दगडाची, तुटलेली कड धारदार असते. माझ्या टायरची बाजू एकदा गुहागरजवळच्या चिरेखाणीच्या रस्त्यावर बोटभर लांब चिरली गेली होती, आणि आतून जाड कापडाचा तुकडा लावून मी कसाबसा गावात पोहोचलो. तेव्हापासून जुन्या टायरचा एक लहान तुकडा माझ्या पिशवीत कायम असतो. तो तुम्हीही ठेवावा.

प्रश्न : आम्ही दोघी मैत्रिणी हिवाळ्यात दापोलीहून रत्नागिरीपर्यंत समुद्राच्या कडेने चार दिवसांत जाणार आहोत. नकाशावर सड्यांवरून जाणाऱ्या अनेक पायवाटा दिसतात. डांबरी रस्ता टाळून त्या वाटांनी गेलो तर चालेल का?
— दोघी मैत्रिणी, नाशिक

उत्तर : चार दिवस ही मुदत योग्य आहे, त्याहून कमी करू नका. समुद्राच्या कडेचा रस्ता म्हणजे सपाट रस्ता, अशी समजूत घाटमाथ्यावरून येणाऱ्या बहुतेकांची असते आणि पहिल्याच दिवशी ती मोडते. दापोली समुद्रसपाटीपासून सुमारे 240 मीटर उंचीवर आहे. तेथून दाभोळला उतरायचे, वाशिष्ठीच्या खाडीतून फेरीबोटीने धोपाव्याला जायचे आणि लगेच पुन्हा सड्यावर चढायचे. पुढे गुहागर, वेळणेश्वर, हेदवी असे करत तवसाळला उतरले की शास्त्री नदीची खाडी लागते; ती फेरीबोटीने ओलांडून जयगड गाठायचे आणि पुन्हा चढायचे. मधल्या प्रत्येक लहान खाडीपाशीही उतार आणि चढ आहेतच, त्यामुळे मैलांच्या दगडांवरून दिवसाचा अंदाज बांधू नये. फेरीबोटीत सायकल घेता येते, मात्र शेवटच्या फेरीची वेळ आदल्या गावातच विचारून घ्यावी, कारण ती चुकली तर खाडीच्या वळशाने रस्त्याने जाणे सायकलस्वाराला अर्ध्या दिवसाचे काम होते.

आता सड्याविषयी. सडा म्हणजे जांभ्या दगडाचे पठार. उष्ण आणि अतिपावसाच्या हवामानात मूळ खडक कुजत जातो, त्यातील सिलिका पाण्याबरोबर निघून जाते आणि लोह व ॲल्युमिनियम यांची ऑक्साइडे मागे उरतात. त्यांतून हा तांबडा, सच्छिद्र दगड तयार होतो. जमिनीखाली असताना तो इतका मऊ असतो की त्याचे चिरे कापता येतात, आणि हवा लागली की तो कठीण होत जातो. सायकलस्वाराला याचा अर्थ असा, की सड्यावरचा पृष्ठभाग सिमेंटसारखा कडक असतो, पण त्यावर हरभऱ्याएवढे गोल खडे विखुरलेले असतात आणि पुढचे चाक वळवताच ते टायरखाली घरंगळतात. म्हणून वळणापूर्वी, सायकल सरळ असतानाच, वेग कमी करावा. वळणात शिरल्यावर पुढचा ब्रेक दाबू नये. उतारावर शरीर थोडे मागे आणि कोपर सैल ठेवल्यास चाक आपली वाट स्वतः शोधते.

वाटा निवडण्याबाबत मात्र माझी एक कळकळीची विनंती आहे. ज्या वाटेवरून बैलगाडी, ट्रॅक्टर किंवा चिऱ्यांचा ट्रक जाऊन चाकोरी पडलेली आहे, त्या वाटेनेच जावे. मोकळा दिसतो म्हणून उघड्या कातळावर सायकल घालू नये. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील सड्यांवर शेकडो कातळशिल्पे आहेत. त्यांतील उक्षी, जांभरुण, कशेळी, बारसू, देवाचे गोठणे, कुडोपी इत्यादी स्थळे 2022 साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. कशेळीचा हत्ती तर एवढा मोठा आहे की त्याच्या देहाच्या आत इतर अनेक प्राण्यांच्या आकृत्या कोरलेल्या आहेत. पण सगळ्याच शिल्पांना कुंपण किंवा फलक नाही. अनेक ठिकाणी ती कातळात थोड्या खोलीने कोरलेल्या रेषांच्या रूपात मातीखाली अर्धी झाकलेली आहेत, आणि सायकलीवरून जाणाऱ्याला ती दिसतही नाहीत. हजारो वर्षे ऊन-पाऊस सोसून राहिलेल्या रेषा आपल्या चाकांखाली झिजाव्यात, हे मला सहन होत नाही. शिवाय जे पठार तुम्हाला हिवाळ्यात ओसाड दिसेल, त्याच्याच खळग्यांतील बोटभर मातीत दीपकाडीचे कंद आणि पावसाळी फुलझाडांचे बी पुढच्या जूनची वाट पाहत पडलेले असते.

आंबा-काजूच्या बागांतून जाणाऱ्या वाटा नकाशावर रस्त्यासारख्याच दिसतात, परंतु त्या खासगी आहेत. बेडे, म्हणजे वाटेवरचे फाटक, लावलेले असेल तर ते उघडून आत जाऊ नये. घरात कोणी असेल तर विचारावे; माझ्या अनुभवात विचारणाऱ्याला नकार क्वचितच मिळतो, उलट विहिरीचे पाणी आणि पुढची जवळची वाट दोन्ही मिळतात. गावातल्या पाखाड्यांवरून सायकल चालवण्याचा मोह होईल, पण त्या चिऱ्यांच्या पायऱ्या चालणाऱ्यांसाठी आहेत, तेथे सायकल हातात धरून चालावे. देवराईची सावली दिसली तर बाहेर सायकल उभी करून, चप्पल काढून, पायी आत जावे.

जयगडवरून पुढे मालगुंडला केशवसुतांचे स्मारक आहे. तेथे तासभर थांबण्याइतका वेळ तुमच्या चौथ्या दिवसात ठेवा.

प्रश्न : मुरूडजवळच्या फणसाड अभयारण्यातून सायकलने जाण्याची माझी इच्छा आहे. गर्द जंगल आणि समुद्र एकाच दिवसात पाहता येतील, असे ऐकले. परवानगी लागते का?
— एक वाचक, अलिबाग

उत्तर : लागते. फणसाड पूर्वी जंजिरा संस्थानच्या सिद्दी नबाबांचे शिकारीचे राखीव रान होते आणि 1986 साली ते अभयारण्य झाले. वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अभयारण्यात शिरण्यासाठी वनविभागाची परवानगी आवश्यक असते. सुपेगावच्या बाजूने प्रवेश आहे. तेथे चौकशी करून, सायकलीला ज्या वाटांवर मुभा देतील त्याच वाटांनी आणि त्याच वेळेत फिरावे. मुभा मिळाली नाही, तर वाईट वाटून न घेता सायकल प्रवेशद्वारापाशी ठेवून पायी जावे. शेकरू पाहायचा असेल तर तेच अधिक बरे, कारण मान वर करून झाडांच्या शेंड्यांकडे पाहणे आणि सायकल चालवणे या दोन गोष्टी एकत्र होत नाहीत.

प्रश्न : माझा एकोणीस वर्षांचा मुलगा एप्रिलमध्ये मित्रांबरोबर रत्नागिरी आणि राजापूर तालुक्यांतील सड्यांवर सायकलीने फिरणार आहे. उष्णता आणि साप या दोन्हींची मला काळजी वाटते. त्याला थांबवावे का?
— एक आई, चिपळूण

उत्तर : ताई, शक्य असेल तर सहल डिसेंबरात करायला सांगा, एप्रिल हा या प्रदेशात सायकलीचा महिना नव्हे. किनाऱ्यावर हवेत बाष्प इतके असते की घाम वाळत नाही, आणि घाम वाळल्याशिवाय शरीर थंड होत नाही. म्हणून पारा घाटमाथ्यावरच्या इतका चढला नाही तरी त्रास अधिक होतो. सड्यावर सावलीही नसते आणि तापलेला कातळ खालून भाजतो. मुले जाणारच असतील, तर उजाडताच निघून दहाच्या आत सावलीत पोहोचावे आणि उन्हे कलल्यावरच पुन्हा निघावे. प्रत्येकाजवळ किमान तीन लिटर पाणी असावे, पण नुसते पाणी पीत राहू नये. घामातून गेलेले मीठही परत मिळाले पाहिजे, त्यासाठी ओआरएस किंवा मीठ घातलेले कोकम सरबत चांगले. कोणाला घाम येणे थांबले, बोलणे असंबद्ध झाले किंवा चालताना तोल जाऊ लागला, तर सहल तेथेच थांबवून त्याला सावलीत न्यावे, अंग ओले करून वारा घालावा आणि तत्काळ 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

सापांविषयी तुमची काळजी अस्थानी नाही. जांभ्याच्या सड्यांवर फुरसे आढळते, आणि तांबूस-तपकिरी रंगामुळे ते दगडांत मिसळून जाते. चालत्या सायकलीवर धोका फारसा नाही. तो थांबल्यावर असतो. सायकल गडग्याला, म्हणजे दगड रचून केलेल्या कुंपणाला, टेकवू नये, गडग्याच्या फटीत हात घालू नये, बसण्यापूर्वी दगड पायाने नव्हे तर काठीने हलवून पाहावा, आणि अंधार पडल्यावर विजेरीशिवाय एक पाऊलही टाकू नये. घोट्यापर्यंतचे बूट घालावेत. चावलेच, तर जखम कापू नये, चोखू नये, घट्ट दोरी बांधू नये. अंगठी आणि घड्याळ काढावे, चावलेला हात किंवा पाय हलू न देता मुलाला निजवून जवळच्या सरकारी रुग्णालयात न्यावे; आपल्याकडची सर्पविषप्रतिबंधक लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर चालते. निघण्यापूर्वी वाटेतल्या ग्रामीण रुग्णालयांची नावे आणि त्यांचे दूरध्वनी क्रमांक कागदावर लिहून प्रत्येकाच्या खिशात द्या, कारण सड्यावर मोबाइलला सगळीकडे रेंज मिळेलच असे नाही. चावल्याची वेळही त्याच कागदावर लिहायला सांगा. डॉक्टर ती सर्वांत आधी विचारतात.